परत गेलेले तीन लिफाफे

४ फेब्रुवारी

बाई,

नमस्कार गाळला आहे. विनंती करण्याचा प्रश्न उद्भवत नाही. उरते ते विशेष, तेवढेच लिहितो.

एकोणीस वर्षांनंतर आपले पत्र आले. पाकिटावरचे अक्षर ओळखले आणि ते फोडण्यापूर्वी चष्मा पुसला, हे कबूल करतो. वैऱ्याचे पत्र माणसाने नीट वाचावे, अशा मताचा मी आहे. तरीही दुसऱ्या ओळीपुढे मी गेलो नाही. ‘प्रयोगशाळेने तुमच्या घरी पाठवलेल्या पत्रांविषयी तातडीने लिहीत आहे’, या वाक्याशीच मी थांबलो. पुढे काय असणार, हे मला ठाऊक होते.

गेल्या जुलैमध्ये आपल्या प्रयोगशाळेने मला एक छापील अर्ज धाडला. जुन्या रुग्णांच्या नमुन्यांच्या काचा कपाटांतून काढून त्यांच्यावर नवे संशोधन करायचे आहे, त्यांत माझ्या दिवंगत पत्नीची काच आहे, तरी पती या नात्याने संमती द्यावी, असा मजकूर होता. मी लेखी नकार कळवला. ती काच हा पुरावा आहे. तिच्यावरच्या पेशी आपण, म्हणजे माझ्या पत्नीच्या सख्ख्या थोरल्या बहिणीने, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या आणि ‘दोष नाही’ असा शेरा लिहिला. त्यानंतर सव्वीस महिन्यांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने तिला नेले. आता त्याच काचेवरच्या पेशी खरवडून काढायच्या म्हणता! आरोपीच्याच कचेरीला पुरावा खरवडण्याची परवानगी कोण देईल?

माझ्या नकारानंतर सप्टेंबर, नोव्हेंबर आणि जानेवारी या महिन्यांत तीन बंद लिफाफे माझ्या मुलीच्या नावे आले. बाप सही देत नाही ना, मग लेकीची घ्या, हा डाव ओळखायला फार बुद्धी लागत नाही. तिन्ही लिफाफे न फोडता, वर ‘स्वीकारण्यास नकार’ असे लिहून मी परत पाठवले. मुलीला यातले काही सांगितलेले नाही. ती पुलाच्या बांधकामावर असते आणि तिला तिच्या कामाचा व्याप पुरेसा आहे. दोनदा दूरध्वनीही आला. प्रयोगशाळेचे नाव कानी पडताच मी तो ठेवून दिला.

चौथा लिफाफा पाठवून टपालखर्च वाढवू नये.

आपल्या धाकट्या बहिणीचा पती

•

९ फेब्रुवारी

भावोजी,

तीस वर्षे छापखान्यात बसून लोकांची पाने शेवटच्या टिंबापर्यंत तपासलीत आणि माझ्या पत्राच्या मात्र दोन ओळी वाचून उत्तर लिहिलेत. हे पत्र शेवटपर्यंत वाचा. मग फाडा, जाळा, काय हवे ते करा.

त्या लिफाफ्यांचा काचेशी काडीचाही संबंध नाही. धाकटीशी नाही, माझ्याशी नाही, तुमच्या नकाराशी नाही. ते टिटवीचे, तुमच्या लेकीचे आहेत. तिच्या स्वतःच्या तपासणीचे. पुलावरच्या कंपनीने ऑगस्टमध्ये सगळ्या बायकांची तपासणी करवली. नमुने आमच्या प्रयोगशाळेत आले. तिची छावणी दर तीन-चार महिन्यांनी हलते, म्हणून तिने कायमचा पत्ता आणि फोन तुमचा दिला. बिचारीला काय माहीत, की कायमच्या पत्त्यावर कायमचे वैर राहते!

मी निवृत्त झाले आहे, पण आठवड्यातून दोन सकाळी जाते. बोलावूनही न येणाऱ्या बायकांना पुन्हा पत्रे लिहायचे काम माझ्याकडे आहे. जानेवारीच्या अखेरीस परत आलेल्या टपालाचा गठ्ठा सोडला, तर लाल शाईतले तुमचे अक्षर. एकदा नाही, तीनदा. मी तो गठ्ठा मांडीवर घेऊन किती वेळ बसले होते, कोण जाणे; शिपायाने विचारले, “बाई, पाणी आणू का?”

लिफाफ्यात काय आहे, ते मी तुम्हाला सांगू शकत नाही. रुग्ण सज्ञान असेल, तर बापालाही सांगायचे नाही, असा नियम आहे. पण कुणाही बाईविषयी बोलावे तसे सर्वसाधारण बोलते. त्यातून समजायचे ते समजा.

हा आजार एका विषाणूपासून सुरू होतो. तो बहुतेक बायकांना आयुष्यात कधी ना कधी लागतो आणि बहुतेकींच्या शरीरातून आपसूक जातो. काहींच्या शरीरात राहतो. राहिला, तर पेशींच्या आत हळूहळू एक बदल होऊ लागतो. आमचे डॉक्टर त्याला एपिजेनेटिक बदल म्हणतात. जनुकात मोडतोड झालेली नसते, ते जसेच्या तसे असते. पण पेशीला ‘थांब, आता वाढू नकोस’ असे सांगणारी जी जनुके असतात, त्यांच्यावर मेथिल नावाची बारीक रासायनिक टोपणे बसतात. जनुक असते, पण त्याचा आवाज बंद होतो. सुरुवातीला पेशी बाहेरून अगदी नेहमीसारखी दिसते. सूक्ष्मदर्शकाखाली वाचणाऱ्याला काही दिसत नाही. टोपणे मोजणारी तपासणी मात्र आता निघाली आहे. तिच्यात ती जास्त आढळली, तर त्या बाईने काही आठवड्यांतच दुर्बिणीखाली तपासून घ्यायला हवे. महिन्यांत नव्हे. आठवड्यांत.

मला टिटवीचा आत्ताचा पत्ता द्या, नाहीतर फोन. कंपनी म्हणते, नातेवाइकांकडून घ्या. नातेवाईक तुम्ही आहात, हे माझे दुर्दैव.

तुमची मेहुणी, नाइलाजाने

•

२० फेब्रुवारी

बाई,

आपले पत्र शेवटपर्यंत वाचले. दोनदा वाचले. वाचून विश्वास बसला नाही, म्हणून उत्तराला विलंब झाला.

काय सुरेख योगायोग आहे! जुलैमध्ये काच मागता. मी नकार देतो. ऑगस्टमध्ये माझ्याच मुलीचा नमुना आपल्याच प्रयोगशाळेत येतो. आणि त्यात जे आढळले असे आपण सुचवता, ते नेमके असे, की वाचणाऱ्याला ते दिसूच शकत नाही! म्हणजे एकवीस वर्षांपूर्वीही आपल्याला ते दिसणे शक्य नव्हते. मुलीच्या आजाराच्या आडून आपण स्वतःचे निर्दोषत्व मागत आहात. ताकाला जाऊन भांडे लपवण्याची ही रीत मला नवी नाही. आणि जनुके, जनुके म्हणून जे चालले आहे, ते आपल्याच माहेरचे असणार. आमच्या घराण्यात हा रोग कुणालाही झालेला नाही.

राहता राहिली टोपणे. जनुकांच्या तोंडावर ती बसतात की नाही, हे मला ठाऊक नाही. आपल्या तोंडावर मात्र एक टोपण एकोणीस वर्षे बसलेले आहे, आणि ते मी आज काढणार आहे.

पत्नी गेल्यानंतर मी आपल्या प्रयोगशाळेत अर्ज करून त्या दिवशीच्या नोंदवहीच्या पानाची नक्कल मिळवली होती. ती माझ्यापाशी आहे. प्रत्येक काचेपुढे दोन रकाने आहेत: पहिला वाचक आणि दुसरा वाचक. त्या दिवशी एकेचाळीस काचा वाचल्या गेल्या. चाळीस काचांपुढे दोन सह्या आहेत. एका काचेपुढे एकच आहे, आणि ती आपली आहे. आमच्या छापखान्यात पहिलीच्या पुस्तकाचे पानसुद्धा एकट्या माणसाच्या सहीने यंत्रावर चढत नसे. मी हे त्या वेळी चव्हाट्यावर आणले नाही, कारण माझी मुलगी पंधरा वर्षांची होती आणि तिची आई नुकती गेली होती. पण विसरलो नाही.

दुसऱ्या वाचकाचा रकाना रिकामा का होता? याचे सरळ उत्तर द्यावे. त्यानंतर मी पत्ता देईन. उत्तर नाही, तर पत्ता नाही.

आपल्या धाकट्या बहिणीचा पती

•

२३ फेब्रुवारी

भावोजी,

लेकीचा जीव तारण ठेवून जबानी घेता आहात. घ्या.

रकाना रिकामा आहे, कारण मी धाकटीची काच दुसऱ्या वाचकाच्या तबकात ठेवलीच नाही. नातलगाची काच वाचायचीच नाही, असा आमचा नियम होता. तोही मी मोडला.

ती दुपारी आली होती. प्रयोगशाळेत कुणी नव्हते. माझ्या उंच स्टुलावर पाय हलवत बसली आणि म्हणाली, “ताई, माझी काच तूच बघ हं. दुसऱ्या कुणाला दाखवू नकोस.”

मी म्हटले, “अगं, दोघींनी बघायची असते. नियम आहे.”

“तुझी ती दुसरी आमच्याच इमारतीत राहते. उद्या जिन्यात गाठून विचारेल, ‘काय हो, बरं आहे ना सगळं?’ ह्यांच्या कानावर गेलं, की झालंच मग. घरातली गोष्ट जिन्यात गेलीच कशी, म्हणून आठ दिवस अबोला.”

“तू आजाराला भितेस, की नवऱ्याला?”

“आजार निदान टोमणे तरी मारत नाही गं,” असे म्हणाली आणि हसली. तिचे हसणे तुम्हाला माहीत आहे. मी काच घेतली, एकटीने वाचली. मला काही दिसले नाही. जे दिसले नाही, ते लिहिले. काच खोक्यात घातली आणि खोके कपाटात ठेवले.

हे मी एकोणीस वर्षे कुणाला सांगितले नाही. तुम्ही मला खुनी म्हणालात, ती गेली त्या दिवसांत नको तिथे नको त्यांच्यासमोर म्हणालात, तेव्हाही नाही. सांगितले असते, तर ‘तुमच्या भीतीने तिनेच काच दुसरीला दाखवू दिली नाही’ हेही सांगावे लागले असते. टिटवी तेव्हा दारात उभी होती.

आता तुमच्या वाट्याचे ऐका. आमच्याकडे ‘दोष नाही’ म्हणजे आज दोष दिसला नाही, एवढेच. पुढल्या वर्षी पुन्हा यायचे असते. मी तिला बोलावले होते. तिने तुम्हाला विचारले. तुम्ही म्हणालात, “दोष नाही, असं लिहिलंय ना? छापून झालेल्या पानाचं प्रूफ कुणी पुन्हा मागत नाही.” हे वाक्य तिने मला तुमचा आवाज काढून ऐकवले. आली नाही ती.

रक्ताचे आणि माहेरचे म्हणता, तेही चूक आहे. ही टोपणे आईकडून लेकीकडे येत नाहीत. ती त्या-त्या बाईच्या त्या-त्या पेशींवर बसतात. विषाणू कुणाकडून आला, किती वर्षांपूर्वी आला, हे जगात कुणी सांगू शकत नाही. तेव्हा तेही उकरू नका.

आणि आता नियम मोडते. टिटवीच्या नमुन्यात विषाणू सापडला आहे, धोक्याच्या जातीचा. तिची काच दोघींनी वाचली. दोघींना स्वच्छ दिसली. टोपणे मोजली, ती खूप आहेत. हे पाच महिन्यांपूर्वीचे आहे. पाच महिने तिला काहीही कळलेले नाही, कारण तुमचे अक्षर सुंदर आहे आणि टपालखाते आज्ञाधारक आहे.

उत्तर दिले. पत्ता द्या.

मेहुणी

•

१ मार्च

बाई,

पत्ता सोबतच्या चिठ्ठीवर आहे. परंतु आपल्याला त्याची गरज पडणार नाही. आपले पत्र सकाळी अकराला आले. साडेअकराला मी तिच्या छावणीच्या कार्यालयात फोन केला. ती नदीपात्रातल्या खांबावर चढली होती. तासाभराने तिचा फोन आला. मागे यंत्रांचा आवाज होता, त्यामुळे मला मोठ्याने बोलावे लागले. असल्या गोष्टी ओरडून सांगण्याची वेळ माझ्यावर यावी, हे माझ्या कल्पनेबाहेरचे होते.

मी थांबल्यावर तिने विचारले, “बाबा, किती लिफाफे?”

मी म्हणालो, “तीन.”

“पहिला कधी?”

“सप्टेंबरमध्ये.”

“तुम्ही उघडून पाहिलात?”

“दुसऱ्याचं पत्र मी उघडत नाही.”

“नाही,” ती म्हणाली, “तुम्ही फक्त परत पाठवता.” आणि तिने फोन ठेवला. ती रजा काढून गुरुवारी रुग्णालयात जाणार आहे, हे मला तिच्या वरिष्ठांकडून कळले. मी तिथे येऊ नये, असा निरोपही त्यांच्याचकडून आला.

आपण माझे म्हणून जे वाक्य उद्धृत केले आहे, ते माझेच आहे. त्यातला एकही शब्द बदललेला नाही.

म्हणून आपण सुटलात, असे समजू नये. दुसऱ्या वाचकाला कदाचित काही दिसले असते. आपण ती शक्यता एका खोक्यात घालून कपाटात ठेवलीत. काचेच्या संमतीचा अर्ज सही करून प्रयोगशाळेकडे धाडला आहे. मेहेरबानी म्हणून नव्हे. मला निकाल हवा आहे. अट एकच: पेशी खरवडण्यापूर्वी ती काच अशा माणसांनी वाचावी, ज्यांना ती कुणाची आहे हे ठाऊक नाही, आणि त्यांचे म्हणणे आपण मला जसेच्या तसे कळवावे. कळवण्याचे धाडस आपल्यापाशी असेल, असे मला वाटत नाही.

आपल्या धाकट्या बहिणीचा पती

•

३० एप्रिल

भावोजी,

काच तिघांनी वाचली. नाव झाकून तिला नुसता आकडा दिला होता. दोन मुली आहेत, नुकत्या परीक्षा होऊन आलेल्या, आणि एक पंचवीस वर्षे काचा वाचणारा गृहस्थ आहे. तिघेही वेगवेगळ्या दिवशी बसले. एकमेकांचे शेरे त्यांना दाखवले नाहीत.

त्या गृहस्थाने लिहिले: दोष नाही. एका मुलीने लिहिले: दोष नाही. दुसऱ्या मुलीने काचेच्या डाव्या कडेला सात-आठ पेशींच्या एका पुंजक्याभोवती शाईने वर्तुळ काढले आणि लिहिले: खात्री नाही, पुन्हा नमुना घ्यावा.

तिने वर्तुळ काढल्यावर मी जाऊन पाहिले. वर्तुळ दिसत असताना मलाही शंका येते. वर्तुळ नसताना आली असती का, याचे उत्तर मला कधीही मिळणार नाही. तुम्हालाही नाही.

नंतर काच द्रावणात बुडवून ठेवली. वरची झाकणकाच सुटायला सहा दिवस लागले. पेशी खरवडल्या, टोपणे मोजली. होती. भरपूर होती. धाकटी स्टुलावर पाय हलवत बसली होती, त्या दिवशीच होती. मोजणारी तपासणी तेव्हा निघालेली नव्हती. पण दुसरा वाचक होता, तबक हातभर अंतरावर होते. हे मला मागाहून लिहायचे नव्हते, म्हणून आत्ताच लिहिते.

तुम्ही म्हणाल, पकडली! म्हणा. पण तिघांतल्या दोघांनी जे लिहिले, तेही मी जसेच्या तसे कळवले आहे, आणि ‘पुन्हा नमुना घ्यावा’ हे तिसरीचे म्हणणे वर्षभराने मीही मांडले होते. ते तुमच्या दारापर्यंत येऊन परत गेले. तुमच्या दारातून बरेच काही परत जाते.

टिटवीचे काय झाले, मला माहीत नाही. तिने प्रयोगशाळेला नवा पत्ता दिला आहे, आणि तिची फाईल माझ्या टेबलावर येऊ नये, असे लेखी कळवले आहे. बरोबरच केले. तुम्हाला काही कळले असेल, तर एका ओळीचे पत्र टाका. तुम्ही टाकणार नाही.

मेहुणी

•

१२ मे

बाबा आणि मावशी,

हेच पत्र दोघांना पाठवते आहे, शब्द न शब्द सारखे. कुणाला काय वेगळे लिहिले, याची चौकशी करण्याचे कष्ट घेऊ नका.

तुमची सगळी पत्रे मी वाचली. मावशीने तिच्याकडची मी मागितल्यावर पाठवली. बाबांकडची मी स्वतः जाऊन आणली. बाबा, तुम्ही ती तारीखवार लावून, कोपरे जुळवून ठेवली होतीत. खूप व्यवस्थित भांडता तुम्ही दोघे.

माझे काम तुम्हाला दोघांनाही नीट माहीत नाही, म्हणून सांगते. पुलाच्या पोलादी पट्ट्या जिथे जोडतात, तो जोड मी तपासते. वरून जोड आरशासारखा दिसतो. मिस्त्री म्हणतो, “मॅडम, हात फिरवून बघा, लोणी आहे लोणी.” मी हात फिरवत नाही. मी यंत्र लावते, कारण भेग आत असते. सापडली, तर तेवढा भाग कापून काढायचा आणि पुन्हा जोडायचा. मिस्त्री चिडतो, ठेकेदार चिडतो. पण भेग कुणाची, यावर दोघे भांडत बसले आणि मला खांबावर चढूच दिले नाही, असे मी अजून कुठल्या पुलावर पाहिले नव्हते. ते घरी पाहिले.

दुर्बिणीखाली डॉक्टरांना पांढरा डाग दिसला. तुकडा काढून तपासला. तिसऱ्या दर्जाचा बदल निघाला. म्हणजे कर्करोग नाही, पण त्याच्या आधीची शेवटची पायरी. तारेच्या तापलेल्या कड्याने तेवढा भाग काढून टाकला. कोटाच्या बटणाएवढा होता. कडा स्वच्छ आहेत. त्यांनी विचारले, “पहिलं पत्र सप्टेंबरमध्ये गेलंय, इतके दिवस कुठे होतात?” मी म्हटले, “पत्र घरी पोहोचलं होतं, मला नाही.” मला मूल हवे आहे, हे तुम्हाला दोघांनाही सांगितलेले नव्हते. त्यांना सांगावे लागले. म्हणाले, होऊ शकेल, काळजी घ्यावी लागेल. आणखी वर्ष गेले असते तर काय झाले असते, ते मी विचारले नाही. तुम्हाला विचारायचे असेल, तर एकमेकांना विचारा.

मावशी, तू आईचा शब्द राखलास आणि आई गेली. तुझ्या आणि आईच्या त्या दुपारचे मला फार वाईट वाटते. पण तुला माफ करणे माझ्या हातात नाही. ते आईचे काम होते.

बाबा, तुम्ही माझे बाबा आहात, म्हणून फार लिहीत नाही.

सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी आहे. विषाणू गेला की नाही, हे तेव्हा कळेल. तो निकाल मी मावशीला कळवीन, कारण तिने मला शोधले. बाबा, तुम्हाला कळवणार नाही. तुम्हाला हवा असेल, तर तिला विचारायचे. फोन करायचा नाही, माणूस पाठवायचा नाही, दुसऱ्या कुणाकडून काढून घ्यायचा नाही. पत्र लिहून विचारायचे. आणि मावशी, त्यांनी विचारले, तर सांगायचे. न विचारता सांगायचे नाही.

तोवर मला दोघांनीही लिहू नये.

टिटवी

•

२१ नोव्हेंबर

बाई,

सहा महिने उलटून नऊ दिवस झाले.

मी हे पत्र आजवर चार वेळा लिहिले आणि चारही वेळा त्याचे कच्चे खर्डे फाडले. त्यांत आपल्याविषयी जे लिहिले होते, ते सर्व खरे होते. ते अजूनही माझे मत आहे. त्या काचेवर शाईचे वर्तुळ काढणाऱ्या मुलीला आपण तेव्हा ती काच दाखवली नाहीत... म्हणजे तेव्हा ती मुलगी शाळेतही जात नसेल. पण कुणीतरी होते, आणि आपण दाखवली नाहीत. यावर माझे समाधान कधीही होणार नाही, हे आपण गृहीत धरावे.

परंतु या घरात आता टपाल येत नाही. दूरध्वनी वाजत नाही. पोस्टमन खालच्या मजल्यावर थांबतो आणि परत जातो. मी जिन्याच्या कठड्याशी उभा असतो, हे त्याला ठाऊक आहे. तो हल्ली वर पाहत नाही. काल शेजारच्या बाईंनी विचारले, “काय हो, बरं आहे ना सगळं?” मला उत्तर ठाऊक नाही.

क्षमा मागण्यासाठी हे पत्र लिहिलेले नाही, आणि ती देण्यासाठीही नाही. मुलीने अट घातली आहे. ती मी पाळतो आहे. निकाल आला आहे का? आला असल्यास काय आहे?

मी विचारतो आहे. उत्तर द्यावे.

तिचा बाप

•

२४ नोव्हेंबर

भावोजी,

निकाल चांगला आहे. विषाणू सापडला नाही. टोपणे मोजली, तीही नाहीत. काच दोघींनी वाचली, स्वच्छ आहे. टिटवीने सोबत लिहिले आहे, की ती कामावर रुजू झाली आहे आणि पुलाचा मधला भाग पुढल्या महिन्यात जोडतील.

हे सगळे मला कळून अकरा दिवस झाले. पत्र लिहून तयार होते, पाकिटावर तुमचा पत्ता होता, तिकीट लावलेले होते. रोज सकाळी ते हातात घेऊन पुन्हा खाली ठेवत होते. तुम्ही कठड्याशी उभे असाल, हे मला न सांगता कळत होते. तरी टाकले नाही. न विचारता सांगायचे नाही, ही अट टिटवीची होती. पण खरे सांगायचे, तर तिने ती घातली नसती, तरीही मी थांबले असते. वाट पाहणे म्हणजे काय, हे तुम्हाला एकदा कळायला हवे होते. आता कळले असेल.

पुढची तपासणी एका वर्षाने आहे. तेव्हा नऊ दिवस लावू नका.

मेहुणी